विंडोज १०चा सपोर्ट संपला. कचेरीतल्या जुन्या संगणकांचे काय करावे?

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आमच्या तालुक्याच्या गावी कोणाच्या लक्षातही आला नाही. दिवाळी तोंडावर होती, आणि १५ तारखेला सकाळी सगळे संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले, टॅलीत नोंदी झाल्या, प्रिंटरने सवयीने दुसराच कागद अडकवला. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या विंडोज १०ला मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणे आदल्या दिवशी थांबवले होते, एवढाच काय तो फरक होता. आणि तो पडद्यावर दिसत नसल्यामुळे ‘चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा’ हे वाक्य मी त्या महिन्यात निदान वीस जणांकडून ऐकले. दोन पतसंस्था, एक वाचनालय, काही दुकाने आणि एका कर सल्लागारांची कचेरी अशा मिळून चाळीसेक संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. त्या कामात जो क्रम उपयोगी पडला तो पुढे मांडला आहे. एक ते पंधरा संगणक असलेल्या आणि स्वतंत्र आयटी विभाग नसलेल्या जागेसाठी तो आहे.

सपोर्ट संपणे म्हणजे नेमके काय

सपोर्ट संपल्याने संगणक बंद पडत नाही. थांबतात त्या दर महिन्याच्या दुरुस्त्या. प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास, मायक्रोसॉफ्ट त्या महिन्याचे पॅच, म्हणजे या दुरुस्त्या, प्रसिद्ध करते, त्यामुळे आपल्याकडे ते बहुधा बुधवारी सकाळी दिसतात. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा बराचसा आतला भाग एकच आहे. म्हणून ११साठी एखादे भोक बुजवले गेले की त्या पॅचची चिरफाड करून, तेच भोक १०मध्ये कुठे आहे हे शोधणे हल्लेखोराला सोपे जाते. सपोर्ट गेलेल्या प्रणालीचा धोका असा महिन्यागणिक वाढत जातो. पहिल्या आठवड्यात काही झाले नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी होणार नाही असे नसते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, तेव्हा सगळा दोष विंडोज एक्सपीच्या माथी मारण्यात आला. प्रत्यक्षात बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७चे होते, जिचा सपोर्ट तेव्हा चालू होता, आणि तिच्यासाठीचा पॅच १४ मार्चलाच, म्हणजे ५९ दिवस आधी, आलेला होता. तो कोणी बसवला नव्हता. सपोर्ट असूनही अपडेट न केलेला संगणक आणि सपोर्ट नसलेला संगणक यांत हल्लेखोराला काहीही फरक दिसत नाही.

सपोर्ट एकट्या विंडोजचा जात नाही. तिच्या मागोमाग इतरही जातात. विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी गूगल क्रोम तिच्यावर पुढे तीन वर्षे चालत राहिले. मग फेब्रुवारी २०२३मध्ये ११०वी आवृत्ती आली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणारे १०९वर अडकले. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरने ऑगस्ट २०२५च्या २५.८ या आवृत्तीपासून तेच केले. यामागे कंपन्यांचा आळस किंवा नवे यंत्र खपवण्याचा डाव शोधण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की प्रत्येक जुन्या प्रणालीवर प्रत्येक नवी आवृत्ती तपासून पाहावी लागते, आणि जिथे मूळ प्रणालीतलीच भोके कोणी बुजवत नाही, तिथे ब्राउझर कितीही पक्का केला तरी पायाच ठिसूळ राहतो. (डाव मुळीच नसतो असे मात्र माझे म्हणणे नाही.)

पहिली पायरी: वहीत यादी करणे

संगणकाला हात लावण्याआधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक संगणकासाठी एक पान राखून ठेवावे. एक्सेलमध्येही यादी करता येते, पण ज्या संगणकावर ती यादी असते तोच नेमका बंद पडतो, हा अनुभव मला दोनदा आला आहे.

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबल्यावर जी लहान चौकट उघडते, तिच्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. विंडोज कोणती आणि तिची आवृत्ती कोणती हे समोर येते. विंडोज १० असेल तर आवृत्ती २२एच२ असायला हवी. ती शेवटची आहे आणि पुढच्या बहुतेक वाटा तिथूनच फुटतात. त्यानंतर स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सिस्टम इन्फर्मेशन’ शोधून उघडावे आणि तिथल्या चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात: प्रोसेसरचे पूर्ण नाव, प्रणाली ३२ बिट की ६४ बिट, बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) मोड नवा युईएफआय की जुना लेगसी, आणि रॅम किती. शेवटी सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती आहे आणि आत साधी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, हेही लिहावे.

विंडोज ११ला दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरुवातीला फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय) जमणारे युईएफआय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. मात्र खरी चाळणी प्रोसेसरची आहे. इंटेलचा असेल तर मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. पिढी नावातच असते: आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आणि आय३-१०११०यू असे पाच आकडे असतील तर पहिले दोन घ्यायचे, म्हणजे दहावी. एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून पुढे, पण तीही सरसकट नाही. हे सगळे डोक्यात ठेवायचे नसेल तर मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवावे. ते हो किंवा नाही असे थेट सांगते आणि नाही असेल तर कारणही देते.

कारण ‘टीपीएम सापडले नाही’ असे आले तर लगेच निराश होऊ नये. आठव्या पिढीच्या असंख्य संगणकांत ती सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते; इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते. मात्र बायोसमध्ये शिरण्यापूर्वी त्या संगणकावर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन ही डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय चालू आहे का, ते पाहावे. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून वहीत लिहून घ्यावी. बायोसमधले एक बटण फिरवल्यावर पुढच्या सुरुवातीला संगणक ती की मागू शकतो, आणि की नसेल तर आतली माहिती कोणताही कॉम्प्युटरवाला परत काढून देऊ शकत नाही.

दुसरी पायरी: कोणती वस्तू मागे ओढते आहे?

जुनी विंडोज सोडवत नाही याचे कारण क्वचितच विंडोजमध्ये असते. ते बहुतेक वेळा तिला लटकलेल्या एखाद्या वस्तूत असते. म्हणून त्याच पानावर, त्या संगणकाला जोडलेली प्रत्येक वस्तू आणि त्यावर रोज लागणारा प्रत्येक प्रोग्रॅम लिहावा: प्रिंटर, स्कॅनर, बारकोड यंत्र, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, टॅलीची नेमकी आवृत्ती, मराठी टंकलेखनाचे पॅकेज आणि त्याचा डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची खुंटी). प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहायचा: याचा ६४ बिट विंडोज ११साठीचा ड्रायव्हर (ती वस्तू विंडोजकडून चालवून घेणारा प्रोग्रॅम) उत्पादकाच्या संकेतस्थळावर आहे का?

६४ बिट हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. विंडोज ११ ही फक्त ६४ बिट आहे. ३२ बिट विंडोज १० असलेल्या संगणकावर ती जुन्यावर नवी अशी चढवता येत नाही. सगळे पुसून, म्हणजे आपल्या भाषेत फॉरमॅट मारूनच, बसवावी लागते. ३२ बिट ड्रायव्हर तिच्यावर चालत नाहीत. आणि डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्रॅम तर कोणत्याही ६४ बिट विंडोजवर सरळ चालत नाहीत. ज्या पतसंस्थांचे जुने दप्तर अजून डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये आहे, त्यांनी इथे थांबून विचार करावा. चालू व्यवहार नव्या प्रणालीत गेलेले असले, तरी ऑडिटमध्ये किंवा एखाद्या जुन्या ठेवीच्या वादात कुणीतरी २००६ सालचा खातेउतारा मागतोच. त्या प्रोग्रॅमच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. तेव्हा त्या एकदाच उघडून, प्रत्येक वर्षाची स्वतंत्र प्रत साध्या तक्त्याच्या रूपात काढून ठेवावी, म्हणजे उतारा मिळण्यासाठी तो प्रोग्रॅम जिवंत ठेवण्याची गरज उरत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि माझी चूकही इथेच झाली. माझ्या मावसभावाचे लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापण्याचे दुकान आहे. त्याचा मुख्य संगणक सर्व निकषांत बसत होता, म्हणून एका रविवारी मी त्यावर विंडोज ११ चढवली, सगळे सुरळीत सुरू झालेले पाहिले आणि चहा घेऊन घरी आलो. सोमवारी साडेदहाला फोन आला. ‘दादा, पत्रिका उघडतेय, पण वधूचं नाव सोडून सगळं चिनी दिसतंय. आणि तो डोंगलचा दिवा लागतच नाही.’ चिनी काही नव्हते. जुन्या पॅकेजचा डोंगल नव्या विंडोजने ओळखला नव्हता, त्यामुळे पॅकेज आणि त्याचे फाँट उपलब्धच नव्हते, आणि ज्या फाँटमध्ये मजकूर टाइप केलेला होता तो युनिकोडचा (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतांचा) नसल्यामुळे ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची भेळ दिसत होती. वधूचे नाव तेवढे त्याने मोबाइलवरून आलेल्या मजकुरातून, म्हणजे युनिकोडमधून, चिकटवले होते. म्हणून ते शाबूत राहिले. लग्नसराई ऐन भरात होती. अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतण्याची सोय सेटिंग्जमधल्या रिकव्हरी या विभागात असते. तिचा उपयोग करून दुपारपर्यंत दुकान पूर्वपदावर आणले, पण त्या अर्ध्या दिवसातल्या दोन पत्रिका दुसऱ्या छापखान्यात गेल्या त्या गेल्याच.

अशा संगणकासाठी योग्य क्रम उलटा आहे. जुन्या प्रणालीवर असतानाच, तिथल्या परिवर्तकाच्या (जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मदतीने पुन्हा लागणाऱ्या फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात; रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावीत, कारण परिवर्तक नेमके तिथे चुकतात; आणि नवे काम युनिकोडमध्येच सुरू करावे. मराठीचा फोनेटिक कळफलक विंडोज १०च्या २०१९च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच आहे, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. हे झाल्याशिवाय प्रणालीला हात लावू नये.

तिसरी पायरी: बॅकअप, आणि तो उघडून पाहणे

बॅकअप घ्यावा हे सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. दोन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी, कारण जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅम मूळ माहितीबरोबरच कुलूपबंद करतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांपलीकडे टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकच्या पीएसटी फाइली, बसवलेले फाँट, ब्राउझरमधले पासवर्ड आणि परवान्यांचे क्रमांक यांची हमखास आठवण राहत नाही. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातली कोणतीही पाच कागदपत्रे उघडून पाहावीत. हे केल्याशिवाय बॅकअप झाला असे मी वहीत लिहीत नाही.

चौथी पायरी: प्रत्येक संगणकाचा वेगळा निर्णय

सगळ्या संगणकांना एकच औषध देण्याचा मोह टाळावा. माझ्या वहीत चार शेरे आहेत.

पहिला शेरा ‘११’. निकषात बसणाऱ्या, अधिकृत परवाना असलेल्या विंडोज १०वरून ११ मोफत मिळते. विंडोज ७ किंवा ८ची जुनी की वापरून पुढे जाण्याची वाट मात्र मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली. अपग्रेडसाठी महिन्याचा असा आठवडा निवडावा की ज्यात ११ किंवा २० तारीख येत नाही, कारण जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची घाई त्या दिवसांत असते. मार्चअखेर तर विषयच काढू नये. पाच-सहा जीबी डाउनलोड होते, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम करू नये. सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी जागा करावी, प्रिंटर व टोकन वगळता सगळे यूएसबी काढून ठेवावे, आणि संगणक यूपीएसवर आहे याची खात्री करावी. यूपीएस ‘आहे’ म्हणजे त्याची बॅटरी अर्धा तास टिकते असे नव्हे, ते आधी मेन स्विच बंद करून पाहावे. पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी तीननंतर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे मी ही कामे सकाळी सातला सुरू करतो. अपग्रेड झाल्यावर दुसऱ्या पायरीतली यादी समोर धरून प्रत्येक वस्तू वापरून पाहावी: एक पावती छापावी, एक पान स्कॅन करावे, टोकनने एक सही करावी. दहा दिवसांची परतीची मुदत संपेपर्यंत ‘डिस्क क्लीनअप’ करू नये, कारण जागा मोकळी करण्याच्या नादात जुन्या विंडोजचा फोल्डर पुसला गेला की परतीची वाटही पुसली जाते.

दुसरा शेरा ‘मुदतवाढ’. जे संगणक निकषात बसत नाहीत पण लगेच बदलताही येत नाहीत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देण्याची योजना आणली. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर शुल्क पडत नाही, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड्स गुण द्यावे लागतात, आणि एका परवान्यात १० संगणकांपर्यंत नोंदवता येतात. कंपनीच्या डोमेनला (मध्यवर्ती नियंत्रणाच्या जाळ्याला) जोडलेल्या संगणकांना ही सवलत नाही. संस्थांसाठीची योजना वेगळी आहे, तिचे पहिल्या वर्षाचे शुल्क प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे आणि ते दर वर्षी दुप्पट होते. या मुदतवाढीत नवी सोय किंवा तांत्रिक मदत मिळत नाही. तिच्याकडे नवे यंत्र घेण्यासाठी मिळालेली सवड म्हणून पाहावे, आणि नोंदणी झाली त्याच दिवशी पुढची खरेदी कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर घालावी.

तिसरा शेरा ‘लिनक्स’. फक्त नेट, पत्रव्यवहार आणि तक्ते एवढेच काम असेल तर चौथ्या-पाचव्या पिढीच्या संगणकालाही लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली पुरते. वाचनालयातल्या दोन संगणकांवर मी मिंट २२ घातली आहे. तिला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. आधी पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येते, आणि ते अवश्य बघावे: वायफाय चालते का, प्रिंटर सापडतो का, आवाज येतो का. मराठी टंकलेखन आयबस या तिथल्या कळफलकाच्या सोयीतून इन्स्क्रिप्टने किंवा फोनेटिक पद्धतीने नीट होते, लिब्रेऑफिस तयारच असते. पण टॅली, डोंगलवरचे डीटीपी पॅकेज आणि डिजिटल सहीच्या टोकनची सॉफ्टवेअर यांच्यासाठी मी तिची शिफारस करत नाही. जुळवाजुळव करून काही चालवता येते, पण २० तारखेच्या संध्याकाळी ती जुळवाजुळव कोण करणार, हा प्रश्न उरतो. संगणकाला ४ जीबीपेक्षा कमी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवावी. वाचनालयात लोकांनी ‘नवीन संगणक आणला का’ असे विचारले ते लिनक्समुळे नव्हे, एसएसडीमुळे.

चौथा शेरा ‘नेट तोडा’. एखाद्या जुन्या स्कॅनरसाठी, कापड कापण्याच्या यंत्रासाठी किंवा डोंगलसाठी विंडोज ७ ठेवणे भागच असेल तर ती ठेवावी, पण त्या संगणकाची लॅनची वायर काढावी, वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावे आणि मॉनिटरवर ठळक अक्षरांत तशी चिठ्ठी लावावी. त्याच्यासाठी एक वेगळ्या रंगाचा पेनड्राइव्ह राखून ठेवावा, आणि तो दर वेळी अपडेट केलेल्या संगणकावर तपासूनच परत लावावा. ‘पाच मिनिटांसाठी’ नेट जोडण्याची विनंती येते. ती बहुधा ईमेलवरून फाइल घेण्यासाठी असते, आणि ते काम तोच पेनड्राइव्ह करतो.

निकषात न बसणाऱ्या संगणकावर तपासणीला बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत. त्या चालतात, हे खरे आहे. पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते, आणि २४एच२ या आवृत्तीपासून तर काही फार जुने प्रोसेसर, उदाहरणार्थ कोअर २ ड्युओ, सुरूच होत नाहीत, कारण प्रणालीला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरना समजतच नाहीत. स्वतःच्या घरी, हौसेने करायला हरकत नाही. लोकांच्या ठेवींचा हिशेब ज्यावर आहे त्यावर मी करणार नाही. क्रॅक केलेल्या विंडोजबद्दलही तेच. क्रॅक करणारा प्रोग्रॅम सर्वांत आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतो, यातच काय ते आले.

पाचवी पायरी: विंडोजवर चालणारे बाकीचे प्रोग्रॅम

विंडोज अद्ययावत झाली म्हणून आतले सगळे अद्ययावत झाले, असे होत नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि एज स्वतःचे अपडेट स्वतः घेतात, मात्र ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ते लागू होत नाही. आणि आमच्याकडे ब्राउझर महिनोन्महिने बंद होत नाही, कारण चाळीस टॅब उघडे असतात. फाइली दाबून लहान करणारा विनरारसारखा प्रोग्रॅम तर आपोआप अपडेट होतच नाही. २०२५च्या उन्हाळ्यात त्यात असे भोक सापडले की बनावट फाइल उघडल्यावर हल्लेखोराला विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम टाकता येत होता. ते ७.१३ या आवृत्तीत बुजवले गेले, पण ती आवृत्ती हाताने उतरवून बसवावी लागते. आमच्या पतसंस्थांच्या संगणकांवर मला तेव्हा ५.२१पासूनच्या आवृत्त्या सापडल्या. माझा साधा नियम असा, की जो प्रोग्रॅम सहा महिन्यांत कोणी उघडला नाही तो काढून टाकायचा. न ठेवलेल्या प्रोग्रॅमचे अपडेट करावे लागत नाही. उरलेल्यांसाठी विंडोज १० आणि ११मध्ये विनगेट नावाची सोय आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘विनगेट अपग्रेड’ हे दोन शब्द इंग्रजीत लिहिले की मागे पडलेल्या प्रोग्रॅमांची यादीच समोर येते.

ऑफिस स्वतंत्रपणे पाहावे. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला, आणि ऑफिस २०२१चा १३ ऑक्टोबर २०२६ला संपतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फक्त पत्रे आणि साधे तक्ते असतील तर लिब्रेऑफिस पुरते. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइली आधी तपासून पाहाव्यात. काही सरकारी संकेतस्थळांसाठी इंटरनेट एक्सप्लोरर लागतो म्हणून जुनी विंडोज जपून ठेवणारे लोकही मला भेटतात. एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याचा एक मोड आहे आणि तो किमान २०२९पर्यंत राहणार आहे, तेव्हा त्यासाठी जुना संगणक पोसू नये.

अपडेट ‘होतच नाही’ अशी तक्रार आली तर मी सर्वांत आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की संगणक दर वेळी कुठल्यातरी जुन्या वर्षात जागा होतो. मग संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात, बँकेचे पान उघडत नाही, आणि अपडेटही अडते. सेल बदलायला पाच मिनिटे लागतात. त्यासाठी फॉरमॅट मारल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

सहावी पायरी: दर महिन्याची पाळी

अपडेट आले की त्याच क्षणी सगळीकडे बसवावे, असे माझे मत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवसात बंद पाडले आणि भारतातल्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. त्याआधी, जून २०१७मध्ये, नॉटपेट्या हा प्रोग्रॅम तर एम.ई.डॉक या युक्रेनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता, आणि त्याची झळ न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत येऊन तिथले कंटेनरचे काम ठप्प झाले होते. पण या दोन गोष्टी सांगून अपडेटच बंद ठेवणारे लोक वॉनाक्रायचे ते ५९ दिवस विसरतात.

म्हणून मधली वाट काढावी. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी, ज्याच्यावर रोखीचा व्यवहार नाही अशा एकाच संगणकावर अपडेट बसवावे. त्यावर दोन-तीन दिवस छपाई, सही आणि टॅली व्यवस्थित चालली तर शनिवारी दुपारी बाकीच्यांवर बसवावे. उरलेल्या संगणकांवर तोपर्यंत अपडेट ‘पॉज’ करून ठेवता येते. ही मुदत पाच आठवड्यांपर्यंत जाते, पण मी ती एका आठवड्यापलीकडे नेत नाही. काही बिघडले तर अपडेट हिस्टरीमधून शेवटचे अपडेट काढून टाकता येते. ‘ऑप्शनल’ या सदराखाली येणारे ड्रायव्हर, सध्याचा ड्रायव्हर नीट चालत असेल तर, घेऊ नयेत. कामाच्या तासांत संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होऊ नये यासाठी ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये सकाळी ९ ते रात्री ८ अशी वेळ भरून ठेवावी, आणि शनिवारी संध्याकाळी घरी जाताना ‘शट डाउन’ऐवजी ‘अपडेट अँड रिस्टार्ट’ दाबण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावाने लिहावी. सर्वांची म्हटली की ती कोणाचीच नसते. राउटरचे फर्मवेअरही (त्याच्या आतला प्रोग्रॅम) वर्षातून दोनदा याच वहीतून पाहावे. तो कोपऱ्यात धूळ खात असतो, पण नेटच्या दारात तोच उभा असतो.

‘तुमच्या विंडोजची मुदत संपली आहे, आमच्या माणसाला एनीडेस्क द्या’ असे फोन या काळात वाढतात. एनीडेस्क म्हणजे दुरून संगणक ताब्यात घेण्याचे साधन, आणि मायक्रोसॉफ्ट असा फोन करत नाही. फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

शेवटी ज्या संगणकांना चारपैकी एकही शेरा लागत नाही, ते काढून टाकावेत. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, तेव्हा ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत, भंगारवाल्याकडे नव्हे. देण्यापूर्वी आतली डिस्क काढून घ्यावी. पतसंस्थेच्या अशा सात डिस्का मी एका गोणीत बांधून ठेवल्या होत्या. सचिवांच्या समक्ष प्रत्येकीला ड्रिलने तीन भोके पाडली, वहीत सात अनुक्रमांक लिहिले आणि त्यांची सही घेतली. त्याच पानाच्या तळाशी आता १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख लाल शाईने लिहिली आहे, आणि तिच्यापुढे मुदतवाढीवर असलेल्या तीन संगणकांचे क्रमांक आहेत.